हत्यारांची पडशी

आमच्या आजोबांच्या वेळीं प्रवासाला निघणाऱ्या मनुष्याजवळ काय काय असे, याची याद आमच्या मातोश्रींस अजून तोंडपाठ आहे. वळकटी, फिरकीचा तांब्या, दशम्यांची शिदोरी, सुईदोरा, सुंठेची पुडी, काडेपेटी आणि पडशीच्या एका खणांत चार हात सुतळी. "सुतळी कशाला?" असें लहानपणीं आम्ही विचारीत असूं, व उत्तर ठरलेलें असे : "कशाला लागेल तें आधीं समजतें, तर सुतळी घ्यावीच कशाला लागती?" हल्लीं आगगाडी, विमान आणि वाटेवरचीं उपाहारगृहें यांनीं ही विद्या जवळजवळ बुडविली आहे. खिशांत मोबाइल असला म्हणजे देशाच्या बहुतेक भागांत मनुष्याचें अडत नाहीं. परंतु अद्यापिही असे कांहीं रस्ते आहेत कीं, जेथें मोबाइलला आवाज पोंचत नाहीं, पैसे घेण्यास माणूस भेटत नाहीं, आणि प्रवाशाचें सर्व दैव त्यानें घरून बांधून आणलेल्या गांठोड्यावर अवलंबून असतें. अशाच एका रस्त्यानें जाण्याचा योग आम्हांस आला. त्या प्रवासाचें वर्णन करण्यापेक्षां त्या प्रवासाच्या गांठोड्याचें वर्णन केल्यास वाचकांस अधिक उपयोग होईल असें वाटल्यावरून हा लेख लिहीत आहों.

दोन वर्षांपूर्वीं जूनच्या अखेरीस आम्ही पुण्याहून आपल्या मोटारीनें हिमाचल प्रदेशांतील स्पितीच्या खोऱ्यांत गेलों. मंडळी तीनच : प्रस्तुत लेखक, सौभाग्यवती आणि आमचा भाचा, जो इंजिनियरिंगच्या शेवटच्या वर्षांत होता. मनालीहून काझा हें स्पितीचें मुख्य गांव सुमारें २०० किलोमीटर आहे. आंकडा ऐकून पुणें-कोल्हापूरची आठवण होते. पण कोल्हापुरास सकाळीं निघालेला मनुष्य दुपारीं जेवावयास पोंचतो, आणि काझाला दिवस पुरला तर भाग्य समजावें. ३ ऑक्टोबर २०२० रोजीं अटल बोगदा खुला झाल्यापासून रोहतांगची खिंड चढण्याचे कष्ट वांचले आहेत. हा बोगदा ९ किलोमीटरांहून किंचित् अधिक लांब आहे. मात्र पलीकडे ग्रामफूला काझाचा फांटा फुटला कीं, चंद्रा नदीच्या कांठानें दगडगोट्यांची वाट सुरू होते. वाटेंत छत्रू, छोटा दर्रा, बातल अशीं मोजकीं विश्रामस्थानें. त्यांपलीकडे सुमारें ४,५५० मीटर उंचीची कुंजुमची खिंड. आणि खिंड उतरल्यावर लोसर हें पहिलें गांव. मनाली सोडल्यावर काझापर्यंत पेट्रोलपंप नाहीं, व बिघडलेली गाडी दुरुस्त करणारा मिस्त्रीही नाहीं, असेंच धरून निघावें लागतें.

आमची गाडी चारही चाकांस ओढ देणारी, डिझेलवर चालणारी. अशा गाड्यांची आदिमाता म्हणजे दुसऱ्या महायुद्धांतील अमेरिकन जीप. त्या जीपचें जुनें चित्र पाहिल्यास चालकाच्या बाजूला, अंगावर बाहेरून, एक फावडें व एक कुऱ्हाड पट्ट्यांनीं बांधलेली दिसते. ज्यांनीं ती गाडी केली त्यांना पक्कें ठाऊक होतें कीं, चारही चाकें फिरलीं तरी गाडी अडावयाची ती अडणारच; म्हणून हत्यारें त्यांनीं तिच्या अंगावरच चढविलीं. हत्यार हें गाडीचें सामान नसून तिचा अवयव आहे, ही गोष्ट आम्हांस मात्र पुष्कळ उशिरा समजली.

आरंभीं आम्हीं केलें तें बहुतेक नवखे करतात तेंच. एक भली मोठी यादी केली आणि रविवार पेठेंतील बोहरी आळी गांठली. पाने आणले ते दोन संच, पेचकस आठ, पकडी चार, शिवाय दुकानांत चकचकीत दिसलीं म्हणून घेतलेलीं, नांवेंही धड न कळणारीं अशीं कित्येक हत्यारें. घरीं आणून सर्व दिवाणखान्यांत मांडलें तेव्हां सौभाग्यवतींनीं विचारलें, "आपण प्रवासाला निघालों आहों कीं दुकान घालायला?" त्याच सुमारास आमचे चुलते तात्या सहज आले. तात्यांचें वय ऐंशीच्या पुढें असून सारें आयुष्य कारखान्यांत यंत्रांपाशीं गेलेलें. त्यांनीं चष्मा वर करून एकेक वस्तु हातांत घेतली आणि प्रत्येकीविषयीं एकच प्रश्न केला : "हें तुला वापरतां येतें का?" ज्या वस्तूस आम्ही "नाहीं" म्हटलें ती त्यांनीं डाव्या हातास ठेविली. अर्ध्या तासांत डाव्या हाताचा ढीग उजव्याच्या दुप्पट झाला.

"आतां अंगणांत चल," तात्या म्हणाले, "आणि मला एक चाक काढून दाखव."

चाक काढणें ती काय मोठी गोष्ट, असें मनांत म्हणत आम्ही गाडीसोबत आलेला पाना चाकाच्या नटावर बसविला व जोर केला. नट हलला नाहीं. भाच्यानें जोर केला. नट हलला नाहीं. शेवटीं पान्यावर पाय देऊन उभे राहिलों, तों पाना निसटून आमच्या नडगीवर बसला. तात्या स्वस्थपणें म्हणाले, "टायरवाल्यानें हवेच्या बंदुकीनें आवळले आहेत. तिथें स्पितींत तो बंदूक घेऊन येणार आहे का?"

मग त्यांनीं एक लोखंडी नळी मागवून पान्याच्या दांड्यावर चढविली. दांडा २५ सेंटीमीटरांचा होता, तो नळीमुळें ७५ सेंटीमीटरांचा झाला. म्हणजे तेवढ्याच बळाचा परिणाम तिप्पट. कुईं असा आवाज करून नट सुटला. मात्र नळी सोडविण्यापुरतीच वापरावी. आवळतांना ती लावल्यास नटाचा आटा बिघडतो किंवा बोल्ट तुटतो, आणि मग सोडविण्याचा प्रश्नच उरत नाहीं. किती जोरानें आवळावें याचा आंकडा प्रत्येक गाडीच्या पुस्तकांत दिलेला असतो. चाक बदलल्यावर पन्नासेक किलोमीटरांनीं थांबून नट पुन्हां एकदां तपासावे, हेंही त्यांनींच सांगितलें.

त्या सायंकाळीं आणखी तीन शोध लागले. स्टेपनींत हवा निम्मीही नव्हती. जॅक उचलूं लागतांच त्याचा पाया अंगणांतील ओल्या मातींत रुतूं लागला. आणि उचललेल्या गाडीशेजारीं भाचा निर्धास्तपणें हात घालून बसला आहे, हें पाहून तात्या प्रथमच रागावले. "जॅक हा उचलण्यासाठीं असतो, तोलून धरण्यासाठीं नव्हे. गाडी उचलली कीं आधीं स्टेपनी आडवी करून चौकटीखालीं सरकवायची, मगच हात लावायचा. जॅक घसरला तर गाडी चाकावर बसेल. तुझ्या हातावर नाहीं."

जॅकखालीं घालण्यास फळी हवी होती. मातोश्री हा सारा प्रकार ओसरीवरून पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "माजघरांतला सागवानी पाट ने. मात्र ज्यावर तुझी मुंज लागली तो नको. स्वैंपाकघरांतला, एक खूर गेलेला आहे तो घे." दुसरा खूर आम्ही काढून टाकला व पाट सपाट केला. याप्रमाणें आमच्या हत्यारांत एका पाटाची भर पडली.

पुढचे तीन आठवडे दर रविवारीं आम्ही मुळशीच्या बाजूस चिखलाच्या वाटेनें जाऊन मुद्दाम गाडी अडकवीत असूं व सोडवीत असूं. जी वस्तु तीन रविवारांत एकदांही हातीं आली नाहीं ती घरीं ठेविली, व जिच्यावांचून अडलें ती आणली. उरलें त्याच्या सौभाग्यवतींनीं शिवलेल्या जाड कॅनव्हासच्या चार गुंडाळ्या केल्या. त्या कोणत्या, तें सांगतों.

पहिली चाकाची. तींत नळीसह पाना, जॅक, पाट, हवा मोजण्याचें मापक, गाडीच्या बॅटरीवर चालणारा हवेचा पंप, आणि पंक्चर बुजविण्याच्या चिकट वाती व त्यांचे दोन टोचे. मापकाचें महत्त्व पुष्कळांस वाटत नाहीं. परंतु वाळूंत किंवा भुसभुशीत जमिनींत चाक रुतलें असतां बत्तीस पौंडांची हवा वीस पौंडांवर आणली कीं टायर पसरतो, त्याचा तळवा रुंद होतो, आणि अडलेली गाडी पुष्कळदां दोर न लावतांच बाहेर येते. मात्र कठीण रस्ता लागतांच हवा पुन्हां भरावी, व तोंपर्यंत गाडी सावकाश हांकावी. वातीचा उपयोग टायरच्या तळव्यास पडलेल्या भोंकापुरता आहे. टायरची बाजू फाटली तर स्टेपनीवांचून गति नाहीं.

दुसरी ओढण्याची. एक रुंद पट्ट्याचा नऊ मीटर लांब दोर, पावणेपांच टन भार सोसणाऱ्या दोन पोलादी कड्या, जाड हातमोजे व आंखूड दांड्याचें फावडें. दोर नेहमीं गाडीच्या सांगाड्यास पक्क्या केलेल्या हुकासच लावावा. बंपरला किंवा मागच्या गोळ्याला कदापि लावूं नये. ताणलेला दोर तुटला किंवा हूक उपटला तर तो गोफणीच्या दगडासारखा येतो. म्हणून दोरावर मध्यें एखादें जड कांबळें टाकावें व बाकीच्या मंडळींनीं दोराच्या लांबीहून अधिक दूर उभें राहावें. खरें सांगावयाचें तर फावडें नीट वापरलें असतां दहांपैकीं सात वेळां दोराची पाळीच येत नाहीं, असा आमचा मुळशीचा अनुभव आहे.

तिसरी इंजिनाची. आपल्या गाडीस लागणारे तेवढेच पाने. आमच्या गाडीस ते सात निघाले. दोन पेचकस, एक पक्कड, हातोडी, फ्यूज, पट्टा, रबरी नळ्यांचे क्लॅम्प, बाइंडिंगची तार, विजेची चिकटपट्टी, बॅटरी जोडण्याच्या दोन तारा, व कूलंटचा एक डबा. येथें एक सूचना करणें अवश्य आहे. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणून पाणी लौकर उकळतें. ४,५०० मीटरांवर तें सुमारें ८५ अंशांसच उकळूं लागतें. डाळ शिजत नाहीं ती याचमुळें. तापलेल्या रेडिएटरचें झांकण घाईनें उघडणें कोठेंही वाईट, तेथें तर अधिकच वाईट. अर्धा तास थांबावें, मग उघडावें.

डिझेलचा वीस लिटरांचा पोलादी डबा याच गटांतला, परंतु तो वेगळा बांधला. या डब्यास 'जेरीकॅन' म्हणतात. युद्धापूर्वीं जर्मनांनीं तो तयार केला, आणि शत्रूचा डबा आपल्याहून चांगला आहे हें पाहून इंग्रज-अमेरिकनांनीं त्याची नक्कल केली. इंग्रज शिपाई जर्मनांस 'जेरी' म्हणत, त्यावरून हें नांव पडलें. भरलेला डबा वीस किलोंच्या घरांत जातो; तो सुटा राहिला तर प्रत्येक धक्क्यासरशीं तोफेच्या गोळ्यासारखा हिंडतो. म्हणून जड तें खालीं, मध्यें व पट्ट्यानें बांधलेलें, हा नियम.

चौथी माणसांची. औषधें, मलमपट्टी, डोक्यास बांधण्याचा दिवा, काडेपेटी, ब्लँकेट, दोन दिवसांचें पाणी, सातूचें पीठ व गूळ. आणि मातोश्रींच्या आग्रहास्तव चार हात सुतळी.

अशा थाटानें आम्ही निघालों. सुमारें २,००० किलोमीटर चालून मनालीस पोंचेपर्यंत गुंडाळ्या सोडण्याचा प्रसंगच आला नाहीं, आणि येथेंच आमची बुद्धि फिरली. कुलूस सौभाग्यवतींनीं शाली घेतल्या होत्या, आम्हीं चेरीची एक पेटी घेतली होती. जागा होईना, म्हणून मनालीस आम्ही स्वतः सामान उपसून पुन्हां रचलें. तात्यांनीं बजावून सांगितलें होतें कीं, आधीं लागणारी वस्तु सर्वांत वर. आम्ही पाट सपाट म्हणून सर्वांच्या तळाशीं घातला व त्यावर वळकट्या रचल्या.

दुसरे दिवशीं पहाटे निघून छत्रूस चहा घेतला. या वाटेवरचे ओढे सकाळींच ओलांडावे लागतात. ऊन चढलें कीं वरचें बर्फ वितळतें आणि सकाळीं घोट्याइतकें असलेलें पाणी दुपारीं मांडीला लागतें. छोटा दर्रा मागें टाकून थोडें गेल्यावर समोरून आलेली एक मोटार रस्त्याच्या मध्यावर तिरपी उभी दिसली. डाव्या पुढच्या चाकाचा टायर बाजूनें फाटला होता. दिल्लीकडील एक तरुण गृहस्थ पान्यावर उभे राहून नटाशीं झुंजत होते, आणि आंत मागच्या बाकावर त्यांचे वृद्ध वडील डोळे मिटून पडले होते. रात्रभर डोकें ठणकत होतें, उलट्या झाल्या होत्या, आणि सकाळपासून बोलणें अडखळूं लागलें होतें. उंचीच्या विकाराचें हें लक्षण काय दर्शवितें, हें आम्ही निघण्यापूर्वीं वाचलें होतें. त्यावर खरा उपाय एकच : वेळ न दवडतां खालीं उतरणें. मनाली सुमारें २,००० मीटरांवर, म्हणजे पुष्कळ खालीं होती; परंतु तिकडे नेणारी गाडी तीन चाकांवर उभी होती. आमची गाडी वळविण्यास त्या चिंचोळ्या वाटेवर जागा नव्हती. तशी जागा पुष्कळ मागें राहिली होती. वीस मिनिटांत चाक बसलें तर ठीक, नाहीं तर उलट्या चालीनें मागें जाऊन आजोबांस आमच्याच गाडींतून खालीं न्यावयाचें, असें ठरलें.

नळी लावतांच नट सुटले. त्या गृहस्थांच्या डोळ्यांत पाणी आलेलें आम्हीं पाहिलें. नट अर्धवट ढिले करून जॅक लावावयाचा, तों भाचा म्हणाला, "मामा, पाट?" पाट वळकट्यांच्या तळाशीं होता. तो काढण्यास पांच मिनिटें लागलीं असतीं. आम्ही म्हटलें, "राहूं दे, जमीन कठीण दिसते आहे." भाचा कांहीं बोलला नाहीं, परंतु गाडी वर येतांच त्यानें त्यांची स्टेपनी आडवी करून चौकटीखालीं सरकविली. आम्ही घाईंत होतों. तेवढाही वेळ आम्हांस वायां गेल्यासारखा वाटला.

फाटलें चाक निघालें. तें बाजूस ठेवून भाचा हबपाशीं वांकला, तोंच खडी सरकली. जॅक एका अंगास कलला आणि गाडी सबंध वजनानें खालीं आली. धप्प असा एकच आवाज झाला. ती स्टेपनीवर बसली होती. हब आणि जमीन यांच्यामध्यें वीतभर अंतर उरलें होतें, व त्या वीतभर जागेंत भाच्याचा उजवा हात होता. त्यानें तो सावकाश बाहेर काढला, उलटासुलटा करून पाहिला, आणि आम्हांकडे न पाहतां म्हणाला, "आतां पाट काढूं या."

सौभाग्यवतींनीं तोंपर्यंत वळकट्या, शाली, चेरीची पेटी, सारें रस्त्यावर फेंकून पाट बाहेर काढलाच होता. फावड्यानें खडी उकरून कठीण जमीन लागेपर्यंत खळगा केला, पाट बसविला, त्यावर जॅक ठेविला. गाडी पुन्हां वर आली, फाटलें चाक खालीं सरकवून स्टेपनी मोकळी केली, आणि दहा मिनिटांत नवें चाक बसलें. आजोबांस ब्लँकेट लपेटलें. ती गाडी वळणाआड दिसेनाशी झाली तेव्हां आम्हीं घड्याळ पाहिलें : एकंदर पन्नास मिनिटें गेलीं होतीं. पाट आधीं घातला असता तर पंचवीसच लागतीं.

त्या विलंबाचें मोलही आम्हांस लागलींच द्यावें लागलें. पुढच्या ओढ्यापाशीं पोंचलों तों पाणी फुगलें होतें. भाचा काठी घेऊन कांठाकांठानें चार पावलें आंत गेला व मान हलवून परत आला. आम्ही मुकाट्यानें छत्रूस परतलों व एका ढाब्याच्या तंबूंत रात्र काढली. जेवतांना आम्ही भाच्यास म्हणालों, "आज चूक आमची होती." तो म्हणाला, "तात्या-आजोबांनीं सांगितलेलं मी नुसतं केलं, मामा." सौभाग्यवती कांहीं बोलल्या नाहींत, त्यांनीं त्याच्या पानांत आणखी एक पोळी वाढली.

दुसऱ्या दिवशीं पहाटे तोच ओढा घोट्याइतका होता. बातल गेलें, कुंजुमची खिंड आली. तेथें देवीचें लहानसें मंदिर असून गाड्या त्यास प्रदक्षिणा घालून मगच पुढें जातात, आम्हीही घातली. पलीकडे स्पितीचें तें विस्तीर्ण, उघडें, पिवळसर खोरें पसरलेलें पाहून पुष्कळ वेळ कोणी बोललें नाहीं. सायंकाळीं काझाला मोबाइल बोलूं लागला, आणि पहिलाच निरोप त्या दिल्लीच्या गृहस्थांचा आला. वडील मनालीच्या रुग्णालयांत होते. डॉक्टरांनीं धोका टळल्याचें सांगितलें होतें.

परत आल्यावर तात्यांस सर्व हकीकत सांगितली, आमची चूकही सांगितली. ते रागावतील असें वाटलें होतें. त्यांनीं फक्त विचारलें, "हत्यारें पुसून ठेविलीं का?" ठेविलीं नव्हतीं. त्याच रात्रीं चारही गुंडाळ्या अंगणांत उलगडल्या, एकेक वस्तु धुतली, पुसली, तेलाचा हात दिला. वापरलेल्या वस्तूंपुढें यादींत खूण केली. कूलंट, फ्यूज, बॅटरीच्या तारा यांना हात लागला नव्हता. तरी त्या वस्तु यादींतून काढावयाच्या नाहींत असें ठरलें. नळी, फावडें व पाट यांची जागा मात्र यापुढें सर्वांत वर.

जे वाचक अशा प्रवासास निघणार असतील त्यांनीं आमची यादी जशीच्या तशी उतरून घेऊं नये. प्रत्येक गाडीचे पाने निराळे आणि प्रत्येक रस्त्याची खोड निराळी. त्यांनीं एका रविवारीं अंगणांत आपल्या गाडीचें एक चाक स्वतः काढून पुन्हां बसवावें. त्या एका तासांत त्यांची यादी आपोआप तयार होईल. आणि घरांत कोणी तात्या असतील तर त्यांस खुर्ची देऊन जवळ बसवावें.

राहिला तो पाट. त्यावर जॅकच्या पायाचा वाटोळा खोल ठसा उमटला आहे. मातोश्रींनीं तो धुऊन स्वैंपाकघरांत परत नेला. भाचा जेवावयास आला म्हणजे मातोश्री तो त्यालाच मांडतात. दुसऱ्या कोणास त्यावर बसूं देत नाहींत.